एकच कुल, दोन न्याय : डहाणू-तलासरीतील मोह आणि चिकू

डहाणूहून किनाऱ्याच्या रस्त्याने घोलवड-बोर्डीकडे निघाले की दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या लागतात. झाडे ओळीत लावलेली, बारमाही हिरवी, गोल घेराची; वाडीला कुंपण, कुंपणाला फाटक. तेथून पूर्वेला वळून महामार्ग ओलांडला आणि तलासरीच्या किंवा डहाणूच्याच डोंगराळ पाड्यांकडे गेले की चित्र पालटते. फाल्गुन-चैत्रात तेथे पानगळ झालेली मोहाची झाडे दिसतात. ती ओळीत नसतात. एखादे बांधावर, एखादे घरामागे, एखादे जंगलाच्या कडेला. पहाटे झाडाखालची जमीन गळून पडलेल्या मांसल, फिकट पिवळ्या फुलांनी भरून जाते आणि बायका-मुले टोपल्या घेऊन ती वेचतात.

आम्ही साहित्याचे अध्यापक. वनस्पतिशास्त्र हे आमचे क्षेत्र नव्हे. तरीही गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) वर्गात शिकवताना या दोन झाडांचा प्रश्न आमच्यापुढे वारंवार उभा राहिला आहे. ज्या भूमीवर ते पुस्तक घडले, त्या भूमीचा इतिहास माणसांच्या नोंदींत जितका सापडतो, तितकाच तो झाडांविषयीच्या कायद्यांतही सापडतो. मोह आणि चिकू ही दोन झाडे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुलातील आहेत. मात्र गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत राज्यसंस्थेने आणि बाजाराने त्यांची जी प्रतवारी केली, ती शास्त्राच्या वर्गीकरणाशी कोठेही जुळत नाही. या दोन वर्गीकरणांमधील अंतर पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शास्त्राचे वर्गीकरण

मोहाचे आजचे शास्त्रीय नाव ‘मधुका लाँगिफोलिया’ आणि चिकूचे ‘मनिलकारा झपोटा’. दोन्ही ‘सॅपोटेसी’ या कुलातील. या कुलाची ओळख पटवणारी पहिली खूण म्हणजे चीक. साल खरवडली, पान तोडले किंवा कच्च्या फळाला चीर दिली, की पांढरा दुधाळ चीक स्रवतो. दुसरी खूण बियांची : कठीण, गुळगुळीत, चकाकणारी आणि एका कडेला खरबरीत वणाची रेघ असलेली. चिकूची काळी बी आणि मोहाची तपकिरी बी शेजारी ठेवल्या, तर नाते सांगण्यास शास्त्रज्ञाची गरज भासू नये.

भेदही तितकेच स्पष्ट आहेत. मोह हा पानझडी वृक्ष. त्याची फुले फांद्यांच्या टोकांशी झुबक्याने येतात आणि फुलांच्या काळात झाड जवळजवळ निष्पर्ण असते. चिकू सदाहरित. त्याचे लहानसे पांढरे फूल पानाच्या बगलेत एकेकटे येते व पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. मोहाचा पाकळ्यांचा भाग रसाळ व साखरेने युक्त असून आपोआप गळतो, म्हणजे मोहाचे फूलच खाद्य आहे. चिकूचे फूल कोणी खात नाही. त्याचे फळ खातात. मोहाच्या फळातील बियांपासून तेल निघते. दोन्ही झाडांकडे रात्री वटवाघळे येतात, मोहाकडे फुलांसाठी आणि फळांसाठी, चिकूकडे पिकल्या फळांसाठी.

आणखी एक भेद आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मोह हा याच भूमीतला. चिकू हा दक्षिण मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेला. मात्र चिकूच्या कलमासाठी आपल्याकडे जो खुंट वापरतात तो रायणीचा, म्हणजे खिरणीचा. खिरणी हीही याच कुलातील आणि भारतीय. डहाणूच्या वाडीतील चिकूचे कलमी झाड परदेशी दिसले, तरी जमिनीखालचे त्याचे मूळ देशी असते. या साध्या बागायती वस्तुस्थितीकडे आम्ही लेखाच्या शेवटी परत येणार आहोत.

नावांचा इतिहास

भाषेच्या विद्यार्थ्याला या दोन झाडांची नावे पुष्कळ काही सांगतात. संस्कृत ‘मधूक’, महाराष्ट्री प्राकृतातील ‘महुअ’ आणि मराठी ‘मोह’ ही परंपरा सरळ आहे. मुळाशी ‘मधु’ हा शब्द आहे. भुलवणारा, भ्रांत करणारा जो ‘मोह’, तो ‘मुह्’ धातूपासून आलेला निराळा शब्द. मराठीत दोहोंचे रूप एक झाले आणि झाडाच्या कपाळी एक नैतिक दोष अकारण चिकटला. कालिदासाला असा दोष ठाऊक नव्हता. ‘रघुवंशा’त इंदुमतीच्या स्वयंवरप्रसंगी दूर्वा आणि मधूकाच्या फुलांची माला येते; ‘कुमारसंभवा’त पार्वतीच्या विवाहसाजातही मधूकाची फुले आहेत. ‘गाथासप्तशती’तील ग्रामजीवनात महुअ आहे. ‘चरकसंहिते’त आसवांच्या द्रव्यांतही त्याची गणना आहे. मंगल, खाद्य आणि मादक या तिन्ही बाजू प्राचीनांनी एकत्र पाहिल्या होत्या. त्यांतील एकच बाजू निवडून झाडाची ओळख ठरवण्याचे काम पुढच्या काळाने केले.

युरोपीय शास्त्रज्ञांनी प्रथम या प्रजातीला ‘बासिया’ हे नाव दिले, इटलीतील बोलोन्याच्या वनस्पति-उद्यानाशी संबंधित असलेल्या फेर्दिनांदो बास्सी यांच्या गौरवार्थ. एकोणिसाव्या शतकातील सरकारी ग्रंथांत मोह ‘बासिया लॅटिफोलिया’ म्हणूनच आढळतो. पण ‘बासिया’ हे नाव त्याआधी, १७६६ मध्ये, आल्योनी यांनी चाकवताच्या कुलातील एका वनस्पतीस दिले होते. नामकरणाच्या नियमानुसार पहिले नाव टिकते, दुसरे बाद होते. तेव्हा १७९१ मध्ये ग्मेलिन यांनी वापरलेले ‘मधुका’ हे नाव ग्राह्य ठरले आणि १९१८ मध्ये मॅकब्राइड यांनी ‘मधुका लाँगिफोलिया’ हे आजचे रूप दिले. एका इटालियन सद्गृहस्थाच्या नावाऐवजी संस्कृत शब्द शास्त्रात स्थिर झाला, तो कोणाच्या देशाभिमानामुळे नव्हे, नियमामुळे.

चिकूच्या नावाचा प्रवास उलट दिशेचा. लिनिअसने १७५३ मध्ये त्याचा समावेश ‘आक्रास’ या प्रजातीत केला. १९५३ मध्ये फान रोयेन यांनी ‘मनिलकारा झपोटा’ हे नाव दिले. ‘झपोटा’च्या मुळाशी मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेचा ‘त्सापोत्ल’ आहे. चिकूचे स्पॅनिश नाव ‘चिकोसापोते’. त्यातील ‘चिको’ हा भाग मधमाशी या अर्थाच्या नाहुआत्ल शब्दावरून आला, अशी व्युत्पत्ती कोशांत आढळते. ती स्वीकारली, तर दोन खंडांतील दोन भाषांनी या दोन भावंडांना मधावरूनच नावे दिली असे म्हणावे लागेल. मराठी ‘चीक’ या शब्दाशी मात्र चिकूचा संबंध जोडू नये. ध्वनिसाम्य आकर्षक असले तरी ते योगायोगाचे आहे.

कुलाच्या नावातही हीच गंमत आहे. ‘सॅपोटेसी’ हे नाव चिकूच्या अमेरिकी नावावरून पडले. जगाच्या शास्त्रात मोह चिकूच्या घराण्यात मोडतो. मराठी विश्वकोशाने याच कुलाला ‘मधूक कुल’ म्हटले आहे. म्हणजे मराठीत चिकू मोहाच्या घराण्यात आला. कुलप्रमुख कोण, हे भाषा ठरवते. कायद्याने काय ठरवले, ते आता पाहू.

१८९२ : एका फुलावरील कायदा

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क गावागावांतून काढून घेऊन मक्त्याच्या आणि मध्यवर्ती भट्ट्यांच्या व्यवस्थेकडे दिला. सरकारी महसूल वाढवणे हा त्यामागील हेतू. ठाणे जिल्ह्यात अडचण अशी, की दारूचा कच्चा माल दारात गळून पडत होता. मोहाची फुले वेचून वाळवावीत, भिजवावीत, मडक्यात आणि नळीत गाळावीत, एवढाच खटाटोप. त्यासाठी ना दुकान लागे, ना परवाना. उरणच्या भट्ट्यांतून आलेली, कर भरलेली दारू महाग आणि घरची जवळजवळ फुकट. तेव्हा सरकारपुढे उपाय उरला तो फुलालाच अटकाव करण्याचा.

असे विधेयक १८८० नंतरच्या दशकाच्या आरंभीच चर्चेत आले आणि त्याला विरोधही झाला. विरोधकांचा मुख्य मुद्दा होता अन्नाचा. मोहाची फुले गरिबांच्या पोटात जातात, टंचाईच्या महिन्यांत ती शिजवून, भाजून, इतर धान्यात मिसळून खाल्ली जातात, गुरांनाही घालतात. सरकारच्या दृष्टीने ती प्रामुख्याने दारूची सामग्री होती. अखेर १८९२ मध्ये ‘बॉम्बे म्हाउरा ॲक्ट’ संमत झाला आणि ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांकडे रोख ठेवून मोहाच्या फुलांवर निर्बंध आले. कायद्याच्या शीर्षकातील ‘म्हाउरा’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. तो गुजरातीतील ‘महुडो’ला जवळचा. आदिवासींच्या बोलीतील फूल सरकारी कागदावर येईपर्यंत त्याचा उच्चारही परका झाला होता.

या कायद्याचे वैशिष्ट्य आमच्या मते असे की, त्याने झाडाला हात लावला नाही. झाड जागेवर राहिले, फूल दरवर्षी गळत राहिले; वेचणाऱ्याचा हात मात्र संशयित ठरला. एरवी निषिद्ध वस्तू मनुष्य तयार करतो. येथे निसर्गाने अंगणात टाकलेली वस्तू निषिद्ध झाली. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातच्या संदर्भात आणि इंद्रा मुन्शी सालढाणा यांनी ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात दाखवून दिले आहे, की घरची दारू बंद झाल्याने पिणे थांबले नाही. ते दुकानाकडे वळले. दुकानाबरोबर उधारी आली आणि उधारीपाठोपाठ जमिनी गेल्या. मक्तेदारांत पारशी व्यापारी बहुसंख्य होते ही इतिहासाची नोंद आहे. परंतु मक्ता विकणारे सरकार होते, हे विसरून एका समाजाला दोष देणे अनैतिहासिक ठरेल.

१८९८ : एका फळाचे स्वागत

महाराष्ट्रातील चिकूच्या लागवडीचा आरंभ फलोद्यानशास्त्राच्या पुस्तकांत १८९८ या साली घोलवड येथे झाला असे सांगितले जाते. मोहाच्या कायद्यानंतर अवघी सहा वर्षे. ज्या दशकात एका भावंडाचे फूल संशयित ठरले, त्याच दशकात आणि त्याच परिसरात दुसरे भावंड पाहुणे म्हणून आले. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही, आणि तो लादण्याची आमची इच्छाही नाही. तथापि दोन्हींना अनुकूल असलेली परिस्थिती एकच होती : जमिनीची खाजगी मालकी पक्की झालेली, रेल्वेने मुंबईची बाजारपेठ जवळ आलेली आणि मजुरी स्वस्त.

किनाऱ्यावरील चुनखडीचा अंश असलेली जमीन आणि समुद्राची दमट हवा चिकूला मानवली. इराणी व पारशी बागायतदारांनी आणि त्यांच्याबरोबरीने इतर स्थानिक बागायतदारांनी मेहनतीने वाड्या उभ्या केल्या. गडद हिरव्या पानांची ‘काळी पत्ती’ ही जात येथील मुख्य जात ठरली. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण झाडे लावणारे, आळी करणारे, फळे उतरवणारे आणि करंड्या भरणारे हात बव्हंशी वारल्यांचे होते, हेही त्या वाड्यांच्या इतिहासात लिहिले पाहिजे. म्हणजे मोहाचा हंगाम आणि चिकूचा तोडा ही दोन्ही कामे एकाच घरातील माणसे करीत होती. पहिल्यात ती स्वतःसाठी वेचत होती आणि गुन्हेगार ठरत होती. दुसऱ्यात दुसऱ्यासाठी तोडत होती आणि मजूर ठरत होती.

‘कूळ’ या मराठी शब्दाचे दोन अर्थ येथे आपोआप समोर येतात. एक घराण्याचा, जो शास्त्राने घेतला. दुसरा जमीन कसणाऱ्याचा, जो १९४८ च्या कूळकायद्याने घेतला. शास्त्रातले कुल समान असले, तरी जमिनीवरचे कूळ कोण आणि मालक कोण, यावर झाडाचे भवितव्य ठरले.

१९२२ आणि १९४५

येथे एक गुंतागुंत नोंदवणे आवश्यक आहे, अन्यथा कथा फार सरळ होईल. १९२२ मध्ये किनाऱ्यावरील कोळीवाड्यांतून ‘देवी’ची लाट उठली आणि आदिवासी पाड्यांतून गुजरातपर्यंत पसरली. अंगात आलेली देवी सांगू लागली : दारू सोडा, ताडी सोडा, स्वच्छ राहा, दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका. हजारो आदिवासींनी ते मानले. म्हणजे मोहाची दारू सोडण्याचा निर्णय आदिवासींनी स्वतःही घेतलेला आहे. पण तो निर्णय आणि १८९२ चा कायदा यांत मूलभूत अंतर आहे. कायद्याने फूल त्यांच्याकडून काढून घेतले. देवीच्या चळवळीत त्यांनी दुकान नाकारले. दारूबंदी हा शब्द दोन्हीकडे लावता येतो, अर्थ मात्र परस्परविरुद्ध आहे.

त्यानंतर तेवीस वर्षांनी, २३ मे १९४५ रोजी, तलासरीजवळील झरी या गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठ व लग्नगडी या प्रथांविरुद्ध उठाव सुरू झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला; जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. गोदावरीबाईंच्या पुस्तकाला १९७२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि हा इतिहास मराठी वाचकांच्या घरी पोहोचला. विद्यार्थ्यांना ते शिकवताना आम्ही आता एक सूचना आवर्जून करतो : माणसांबरोबर त्यातील जंगल, गवत आणि झाडेही वाचा. मजुरीचा लढा गवतकापणीच्या दरावरून पेटला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रदेशात वनस्पती ही पार्श्वभूमी नसून संघर्षाचा विषयच आहे, हे ध्यानात येते.

संरक्षणाचा दर्जा

आता संरक्षणाकडे वळू. जागतिक लाल यादीच्या भाषेत जाती ‘संकटग्रस्त’, ‘नामशेष’ इत्यादी वर्गांत मांडल्या जातात. मोहाच्या प्रजातीतही असे दुर्दैवी सगेसोयरे आहेत. दक्षिणेतील ‘मधुका इन्सिग्निस’ हा वृक्ष नामशेष म्हणून नोंदला गेल्यानंतर कर्नाटकात पुन्हा सापडला. केरळातील ‘मधुका बुर्डिलोनाय’ संकटग्रस्त गणला गेला. आपला मोह आणि आपला चिकू या अर्थाने दुर्मिळ नाहीत. एक देशभर पसरलेला, दुसरा बागांतून वाढवलेला. तेव्हा त्यांच्या संरक्षणाचा दर्जा कायद्यात आणि बाजारात शोधला पाहिजे.

१९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत हिरडा, साग, चिंच, आंबा, फणस, खैर यांच्यासोबत मोह आहे. तो परवानगीशिवाय तोडता येत नाही. चिकू त्या यादीत नाही. वरकरणी मोह अधिक सुरक्षित वाटतो. पण त्याच काळात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली त्याच्या फुलांवरील निर्बंध चालूच होते. झाड संरक्षित आणि फूल संशयित, अशी ही दुहेरी अवस्था. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आदिवासींचा हक्क मान्य केला, आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुले गोळा करणे व त्यांची वाहतूक करणे यांवरील निर्बंध शिथिल केले. १८९२ पासून मोजले तर एकशे एकोणतीस वर्षे.

चिकूचे संरक्षण वेगळ्या मार्गाने आले. २० जून १९९१ रोजी केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला, उद्योगांच्या क्षेत्रावर मर्यादा घातली आणि मूळ अधिसूचनेत तालुक्याभोवती पंचवीस किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त ठेवण्यास सांगितले. औष्णिक वीजप्रकल्पाच्या राखेचा आणि धुराचा वाड्यांवर काय परिणाम होईल, ही भीती त्या काळच्या चर्चेत अग्रभागी होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. पुढे २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले. परदेशातून आलेल्या झाडाचे फळ या मातीची ओळख म्हणून कायद्याने नोंदले गेले.

हे अयोग्य झाले असे आम्ही म्हणत नाही. उलट चिकूच्या वाड्यांसाठी जे लढले, त्यांच्यामुळे तालुक्यातील डोंगरांना आणि त्यांवरील मोहालाही तीन दशके आसरा मिळाला. धाकट्या, परदेशी भावाच्या छत्रीखाली थोरला उभा राहिला. ती छत्री आज पूर्वीइतकी भक्कम नाही. २०२३ मध्ये प्राधिकरणाने वाढवण बंदराला अनुमती दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्या बंदराची पायाभरणी झाली. द्रुतगती रेल्वेचा मार्गही याच जिल्ह्यातून जातो. किनारा आणि डोंगर, वाडी आणि पाडा, दोहोंपुढील प्रश्न आता पुन्हा एक होत आहेत.

मोहाचा एक प्रश्न मात्र कोणत्याही अनुसूचीत मावत नाही. जुनी झाडे तोडली जात नाहीत, पण त्यांच्याखाली नवी रोपे फारशी दिसत नाहीत. फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, बिया तेलासाठी गोळा होतात, उरलेली रोपे गुरे खातात. मोहाला फुलोऱ्यास यायला सुमारे दहा वर्षे लागतात. चिकूचे कलम त्याआधीच फळ देते. ज्याच्या फुलावर आपला हक्क आहे की नाही हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक नव्हते, ते झाड मुद्दाम कोणी लावावे, अशी अपेक्षा करणे कठीण आहे. चिकू लावणाऱ्याला मालकीची खात्री होती, म्हणून चिकूची ओळ वाढली. संरक्षणाचा पहिला आधार हाच, असे आम्हांस वाटते : तोडू नका सांगणाऱ्या कायद्याआधी, हे तुझे आहे असे सांगणारा कायदा हवा.

समारोप

शास्त्राने मोह आणि चिकू यांना त्यांच्या देहावरून एकत्र ठेवले. राज्याने त्यांना मालकांवरून वेगळे केले. हा निष्कर्ष साहित्याच्या विद्यार्थ्यालाही परका नसावा. ग्रंथांची प्रतवारी करताना आपणही पुष्कळदा मजकुरापेक्षा त्यामागील घराणे पाहतो. लेखी परंपरेतील कृती वाडीत लावल्या जातात, त्यांना कुंपण आणि नाव मिळते. पाड्यांवरची गाणी आणि कथा मोहासारख्या बांधावर उभ्या असतात आणि वेचणाऱ्याला आपण संशयाने पाहतो.

रायणीच्या खुंटाचा उल्लेख आम्ही आरंभी केला होता. ज्या चिकूला या मातीचे मानांकन मिळाले, तो देशी खुंटाच्या मुळांवर उभा आहे. डहाणूच्या वाड्याही तशाच तेथील लोकांच्या श्रमावर उभ्या राहिल्या. मानांकनाच्या कागदावर फळाचे नाव येते, खुंटाचे येत नाही. ते नाव निदान इतिहासात आणि आमच्या वर्गात घेतले जावे, एवढ्यासाठी हा लेख.